खाज एकाला, औषध सगळ्या बोटीला



डिझेलच्या सबसिडीचे कागद, बर्फाचे दर, जाळ्यांची बिले, वादळाचा इशारा, आपल्या पानावर नेहमी हेच असते. आज विषय वेगळा आहे, पण तोही बोटीचाच आहे. अंगावर अचानक उठणारे पुरळ आणि खाज.

वाचून कोणी हसेल. खाजेने काय माणूस मरतो? पण दोन-दोन महिने रात्रीची झोप नसलेला पोरगा पहाटे जाळे ओढायला उभा राहतो, तेव्हा त्याचा हात मशीनमध्ये जायला वेळ लागत नाही. शिवाय आपल्याकडे खाज म्हटली की माणूस लाजतो, लपवतो, फार्मसीत जाऊन हळूच एक ट्यूब मागतो. आणि तिथूनच गोष्ट बिघडते. म्हणून आपल्या एका सभासदाच्या बोटीवर घडलेली हकीकत सविस्तर लिहितो. बोटीचे नाव, माणसांची नावे देत नाही. त्यांची परवानगी घेऊनच लिहितो आहे.

बांगड्यावर नाव गेले

पोरगा तेवीस वर्षांचा, झारखंडचा. बंदी उठली तशी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ट्रॉलरवर कामाला आला. बोटीवर तांडेल धरून आठ माणसे. तांडेल इथलाच, बोट धक्क्याला लागली की घरी जातो. बाकीचे सात जण बोटीवर किंवा भाड्याच्या एका खोलीत झोपतात.

सप्टेंबर अर्धा सरला आणि पोराच्या अंगावर पुरळ उठले. आधी मनगटावर आणि बोटांच्या बेचक्यात, मग कमरेला, बगलेत. बारीक लाल पुटकुळ्या, खाजवून खाजवून वर खपल्या. तो म्हणाला, अचानक आलं, काल नव्हतं.

मग सुरू झाले बोटीवरचे डॉक्टर. एक म्हणाला, गावाकडे याला मासळीची सवय नाही, इथे रोज बांगडा खातो, ॲलर्जीच आहे. बांगडा बंद केला. दुसरा म्हणाला, पित्त उठलंय, सोलांचं पाणी लाव. तेही झाले. तिसऱ्याने फार्मसीतून ट्यूब आणून दिली. ती लावल्यावर आठ-दहा दिवस खरेच बरे वाटले. सगळे म्हणाले, बघा, गेलं! मग ती खाज दुपटीने परत आली, पोटापासून मांड्यांपर्यंत पसरली. तोवर बाकीच्यांनी त्याला वेगळे झोपायला लावले होते. ताटही वेगळे. मालक म्हणाला, हिशेब करून देतो, गाडीचं तिकीट काढतो, घरी जाऊन बरा हो आणि मग बघू.

हंगामाच्या मध्यावर घरी जाणे म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको. त्या पोराच्या पैशांवर घरी बहिणीचे लग्न ठरले होते. तांडेलाच्या मनाला ते लागले. तो म्हणाला, आधी सरकारी डॉक्टरला दाखवू, मग तिकीट काढा. पोराला मराठी-कोकणी येत नाही, म्हणून संस्थेतर्फे मीही त्यांच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी आधी प्रश्न विचारले

मला वाटले होते, बाई हात बघतील, चिठ्ठी लिहितील, पाच मिनिटांत बाहेर. बाईंनी आधी त्याला बसवले आणि एकेक विचारायला सुरुवात केली. ते प्रश्न मी नंतर कागदावर उतरवून घेतले, कारण हेच प्रश्न कोणीही आपल्या पोराला घरी विचारू शकतो. औषध डॉक्टरच देणार, पण ही उत्तरे तयार असली तर निदान लवकर होते.

पहिला प्रश्न: एक डाग किती वेळ टिकतो?

हा साधा प्रश्न निम्मे काम करतो. पित्ताच्या गांधी येतात आणि जातात. सकाळी हातावर असलेली गांध सहसा चोवीस तासांच्या आत त्या जागेवरून निघून जाते, मग दुसरीकडे उठते. मागे डाग राहत नाही. या पोराच्या पुटकुळ्या आठवडेच्या आठवडे त्याच जागी होत्या. म्हणजे पित्त नाही.

दुसरा प्रश्न: कुठे कुठे आहे?

कातडीवरची जागाच पुष्कळदा रोगाचे नाव सांगते. जांघेत आणि कमरेला ओल्या कपड्याखाली गोल चट्टा, कडा लाल आणि मध्ये साफ होत जाणारा, तर गजकर्ण म्हणजे नायटा. गमबूट किंवा हातमोजा जिथे संपतो तिथे सरळ रेषेत लाली, तर त्या रबराची किंवा आतल्या घामाची प्रतिक्रिया. जाळे ओढल्यावर हातावर, गळ्यावर चाबूक मारल्यासारखे पट्टे, आधी आग आणि मग खाज, तर जाळ्यात आलेल्या जेलीफिशचे तंतू. पाठीवर, छातीवर उकाड्यात बारीक टोचणारे दाणे, तर घामोळे. आणि बोटांची बेचकी, मनगट, कोपर, बगल, बेंबी, कंबर, कुल्ले, गुप्तांग अशा दुमडीच्या जागी असेल, तर संशय खरजेचा.

तिसरा प्रश्न: रात्री वाढते का?

खाज कोणतीही असो, रात्री थोडी जास्तच वाटते. पण अंथरुणात अंग गरम झाले की उठून बसावे लागेल इतकी खाज, हे खरजेचे मोठे लक्षण. पोराने मान खाली घालून सांगितले, महिनाभर पुरती झोप नाही.

चौथा प्रश्न: "और किसी को खुजली है?"

यावर पोरगा गप्प. तांडेलही गप्प. मग तांडेलाने हळूच स्वतःची बाही वर केली. मनगटावर चार पुटकुळ्या. म्हणाला, मला आठवडाभर आहे, डिझेलने होत असेल असं वाटलं. घरी धाकट्या मुलीलाही हाताला खाज आहे. बोटीवर आणखी दोघे रात्री खाजवतात, पण बोलत नाहीत.

बाई म्हणाल्या, "हे आधी सांगायचं ना! आता काय, निदान जवळजवळ झालंच."

पाचवा प्रश्न: अंगाला काय लावले आणि पोटात काय घेतले?

कोणतीही नवी गोळी, दुखण्याची असो की तापाची, काही दिवसांनी अंगावर पुरळ आणू शकते. म्हणून औषधांची पाकिटे आणि ट्यूब बरोबर न्यायची. पोराने ट्यूब खिशातून काढली. त्याबद्दल पुढे लिहितो.

मग बाईंनी भिंग घेऊन बेचक्यात बघितले. पेनाची शाई एका जागी लावली आणि ओल्या कापसाने पुसली. वरची शाई गेली, पण कातडीत एक बारीक नागमोडी रेघ निळी राहिली. खरजेच्या किड्याने केलेले ते बीळ. मी डोळ्यांनी पाहिले. मग कोणाला शंका राहिली नाही.

"अचानक" आलेली खाज महिन्यापूर्वीची असते

आता जे बाईंनी समजावले, ते सगळ्यांनी नीट वाचा. आम्हाला तिघांनाही ते ठाऊक नव्हते.

खरूज मासळीने होत नाही, खाऱ्या पाण्याने होत नाही, रक्त बिघडल्यानेही होत नाही. ती एका किड्यामुळे होते. तो इतका लहान, की अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात, दोनेक आठवड्यांत नवे किडे तयार. साध्या खरजेत सगळ्या अंगावर मिळून किडे दहा-पंधराच असतात. खाज त्यांच्या चावण्याने नाही, तर त्यांच्याविरुद्ध आपले शरीर जे भांडते त्याने होते.

आणि शरीराला हे भांडण सुरू करायला वेळ लागतो. ज्याला आयुष्यात पहिल्यांदा खरूज होते, त्याला किडा अंगावर आल्यापासून साधारण चार ते सहा आठवडे काहीच जाणवत नाही. ज्याला पूर्वी होऊन गेली आहे, त्याला एक ते चार दिवसांतच खाज सुटते.

म्हणजे बघा, पोराला खाज "अचानक" सप्टेंबरच्या मध्याला सुटली, पण किडा आला तो ऑगस्टच्या सुरुवातीला. बाईंनी विचारले, तेव्हा कुठे झोपत होतास? तो म्हणाला, बोट सुरू व्हायच्या आधी आठ दिवस एका खोलीत पंधरा जण होतो, चादरी कमी होत्या, दोघांत एक घ्यायचो. तिथेच गोष्ट उलगडली. बांगडा बिचारा फुकट बदनाम झाला.

यातून दुसरी गोष्टही कळते. ज्याला आज खाज नाही, त्याला खरूज नाही असे म्हणता येत नाही. तो त्या चार-सहा आठवड्यांच्या गप्प काळात असू शकतो आणि त्या काळातही दुसऱ्याला देऊ शकतो. मालकाने पोराला गाडीत बसवले असते, तर पोरगा रोग घेऊन गावी गेला असता आणि रोग बोटीवरही राहिला असता. दिवाळीपर्यंत आठच्या आठ जण खाजवत बसले असते आणि दोष नव्या खलाशावर गेला असता.

एकाच दिवशी, सगळ्यांनी

म्हणून औषध सगळ्यांना. बोटीवरचे आठ, तांडेलाची बायको आणि दोन मुले, एकूण अकरा माणसे. ज्यांना खाज नव्हती त्यांनाही. आज एकाने, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याने असे केले तर किडा नुसता जागा बदलतो. इंजिनाच्या कामासाठी बोट दोन दिवस धक्क्याला लागणार होती, तोच दिवस धरला.

बाईंनी परमेथ्रिन ५ टक्के मलम दिले. ते लावण्याची पद्धत अशी, कारण बहुतेक जण इथेच चुकतात:

१. अंघोळ करून अंग कोरडे करायचे, मग रात्री मलम लावायचे. फक्त खाजते तिथे नाही, तर मानेपासून तळपायापर्यंत सगळीकडे. बेचक्यांत, नखांखाली, बेंबीत, कुल्ल्यांत, गुप्तांगालाही. नखे आधी कापायची. लहान मुले आणि म्हातारी माणसे यांना डोक्यालाही लावायला डॉक्टर सांगतात.

२. आठ ते बारा तास ठेवायचे. मध्ये हात धुतले तर हातांना परत लावायचे. सकाळी अंघोळ.

३. एका मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम मलम लागते. एक ट्यूब चौघांत वाटली तर चौघांचेही औषध वाया.

४. आठवड्याने परत एकदा असेच. पहिल्या वेळी वाचलेल्या अंड्यांतून निघालेले किडे यात मरतात. हा दुसरा डोस चुकवू नका.

५. किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसच जगतो. मागच्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल कढत पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवायचे. जे धुता येत नाही, ते प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून ठेवायचे. तीन दिवस पुरतात, आम्ही आठवडाभर ठेवले.

आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही असतात. त्या वजन बघून देतात. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, १५ किलोखालचे मूल यांच्यासाठी त्या आपल्या मनाने घ्यायच्याच नाहीत.

एक सूचना बाईंनी दोनदा दिली. किडे मेले तरी खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. कातडीत मेलेल्या किड्यांचा कचरा असतो, तो जाईपर्यंत शरीर भांडते. म्हणून चौथ्या दिवशी "औषध चाललं नाही" म्हणून रोज मलम फासत बसू नका, त्याने कातडी जळते. महिन्यानंतरही नवे पुरळ उठत असेल, तर परत दाखवायचे.

ती ट्यूब

आता खिशातल्या ट्यूबबद्दल. बाईंनी तिच्यावरची बारीक अक्षरे वाचून दाखवली. आत तीन-चार औषधे एकत्र: बुरशीचे, जंतूंचे आणि त्यात क्लोबेटासोल, म्हणजे जबर ताकदीचे स्टिरॉइड. स्टिरॉइड सूज आणि खाज दाबते, म्हणून दोन दिवसांत बरे वाटते. पण शरीराचे भांडणेच थांबल्यावर आत किडा निवांत वाढतो. नायट्यावर लावले तर बुरशी पसरते, चट्ट्याचा आकार बदलतो आणि मग डॉक्टरलाही ओळखणे कठीण जाते. महिनोन्‌महिने लावल्यावर कातडी पातळ होते, जांघेत पांढऱ्या-जांभळ्या रेघा पडतात, त्या जात नाहीत. आपल्या देशात हट्टी गजकर्ण इतके वाढले, त्यामागे या मिश्र ट्यूबांचा मोठा वाटा असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात.

२०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी मागितली की मिळतात. आपण मागायची नाहीत, एवढे तरी आपल्या हातात आहे. ट्यूबवरच्या नावात क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असे काही दिसले, तर डॉक्टरने सांगितल्याशिवाय लावू नका.

प्रत्येक खाज खरूज नसते

हे वाचून उद्या प्रत्येकाने परमेथ्रिन आणू नये, म्हणून आणखी थोडे.

तरुण पोरांत एक पुरळ बऱ्याचदा येते. आधी छातीवर किंवा पाठीवर एकच मोठा, अंडाकृती, कडेला कोंडा असलेला गुलाबी चट्टा. लोक त्याला नायटा समजतात. मग आठवडा-दोन आठवड्यांत अंगभर तसेच लहान चट्टे, पाठीवर फासळ्यांच्या दिशेने तिरके. याला पिटिरियासिस रोझिया म्हणतात. खाज बहुधा थोडी, आणि सहा ते आठ आठवड्यांत ते आपोआप जाते. पण गरमी, म्हणजे सिफिलिस, हा लैंगिक रोगही असेच पुरळ आणतो, विशेषतः तळहात-तळपायांवर डाग असतील तर. साध्या रक्ततपासणीने फरक कळतो आणि सिफिलिस वेळेवर पकडला तर पेनिसिलिनने पूर्ण बरा होतो. डॉक्टरने तपासणी सांगितली तर पोराने लाजू नये आणि बाकीच्यांनी कुजबुजू नये.

दुसरी गोष्ट आपल्या धंद्याची. बांगडा, तारली, कुपा ही मासळी बर्फाविना उन्हात राहिली, की तिच्यात जंतूंमुळे हिस्टामीन नावाचे द्रव्य तयार होते. ते शिजवून जात नाही, तळूनही जात नाही. अशी मासळी खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात तोंड लाल होते, डोके दुखते, अंगावर गांधी उठतात, मळमळते. एकाच ताटातले दोघे-चौघे एकदम आजारी पडले, तर ही ॲलर्जी नसून बर्फाची हयगय आहे. बहुतेकांना काही तासांत, फार तर दोन दिवसांत उतार पडतो. खरी मासळीची ॲलर्जी असणारा माणूस ताजी मासळी खाल्ल्यावरही आजारी पडतो. दोन्हींचा महिनाभर रात्री सुटणाऱ्या खाजेशी संबंध नाही.

इथे थांबायचे नाही

खालीलपैकी काहीही दिसले, तर घरगुती उपाय नाही, ट्यूब नाही. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या इस्पितळात गाठा. समुद्रात असाल तर बोट वळवा.

ओठ, जीभ, डोळे सुजणे, घसा आवळणे, दम लागणे, चक्कर.
नवी गोळी घेतल्यावर पुरळ आणि त्याबरोबर ताप, तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सोलणे.
तापाबरोबर पुरळ, अंगदुखी, हिरड्यांतून रक्त. हा डेंग्यू असू शकतो, अशा वेळी ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन घ्यायचे नाही.
दाबल्यावर फिके न होणारे जांभळे डाग.
खाजवलेल्या जागी पू, गरम सूज, ताप.

एरवीच्या खाजेला आधी आपले प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून गरज पडली तर जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीला गोमेकॉत त्वचा विभागाची ओपीडी आहे.

मालक आणि तांडेल यांना विनंती

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले. दुर्लक्षित हा शब्द बरोबर आहे. हा रोग घाणेरड्या माणसाचा नाही, दाटीवाटीने झोपणाऱ्या माणसांचा आहे. २०२४ साली कुटबण जेटीवर कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा खलाशी कसे राहतात ते सगळ्या गोव्याने पाहिले. खरूज त्याच दाटीतून येते, फक्त तिची बातमी होत नाही.

त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला नवा माणूस घेताना त्याला स्वतःची चादर आणि टॉवेल द्या. खर्च किती, ते तुम्हीच मांडा. अंघोळीच्या गोड्या पाण्याची सोय ठेवा, घामोळे आणि नायटे त्यानेच कमी होतील. महिन्याभराने एकदा मोकळेपणी विचारा, कोणाला खाज आहे का? आणि कोणी हो म्हणाला, तर त्याचे ताट वेगळे करू नका. ताटाने खरूज होत नाही, ती कातडीला कातडी बराच वेळ लागल्याने आणि एका अंथरुणाने होते.

त्या बोटीवर दुसरा डोस झाल्यावर तीन आठवड्यांनी अकराही जणांना बाईंनी परत बघितले. नवे पुरळ कोणालाच नव्हते. पोरगा मे अखेरपर्यंत कामावर होता आणि बांगडाही खात होता.

ज्यांच्या खलाशांना भाषेची अडचण आहे, त्यांनी केंद्रात जायच्या आधी कार्यालयात सांगावे, कोणीतरी बरोबर येईल. ही माहिती आपल्या बोटीच्या ग्रुपवर पाठवा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

आपला,
सचिव